पिंपळी आणि मिरी

पिंपळी आणि मिरी यांच्याबद्दलचं माझं मत बदललं आहे. लातूर जिल्ह्यातल्या औशात वैद्यकी करताना मी बरीच वर्षं त्यांचा हिरिरीने पुरस्कार केला. आता लिहून देताना हात आखडता घेतो. माझ्या शब्दावर विसंबून ज्यांनी त्यांचं चूर्ण किंवा कॅप्सूल रोजच्या सवयीत बसवली, त्यांना या बदलामागचं कारण कळायला हवं.

या भागात रुग्णाची पहिली तक्रार ठरलेली असते : खाल्लेलं अंगी लागत नाही. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, हंगामातली पालेभाजी असं ताट रोज समोर असूनही बाई पांढरीफटक दिसते, जिना चढताना धापा टाकते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. मला वाटायचं, खोट ताटात नाही, आतड्यात आहे. आतड्याला जास्त शोषून घ्यायला लावणारं काही मिळालं की निम्मं काम झालं.

आणि तसं काही मिळालंही होतं. जम्मूच्या प्रादेशिक संशोधन प्रयोगशाळेत डॉ. सी. के. अटल यांनी सत्तरच्या दशकात एक साधा प्रश्न विचारला. आयुर्वेदातल्या इतक्या पाठांत सुंठ, मिरी, पिंपळी, म्हणजे त्रिकटू, पुन्हा पुन्हा का येतं? उत्तर मिरी-पिंपळीतल्या पायपरीन या द्रव्यात सापडलं. ते सोबतच्या औषधाला रक्तात जास्त प्रमाणात पोहोचू देतं. मुंबईत केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी क्षयावरच्या रिफॅम्पिसिनसोबत त्रिकटू तपासून पाहिलं. पुढे २००९ मध्ये अहमदाबादच्या कॅडिला फार्माने क्षयरोगावरची एक कॅप्सूल बाजारात आणली. रिफॅम्पिसिनची नेहमीची मात्रा ४५० मिलिग्रॅम, तिच्यात होतं फक्त २०० मिलिग्रॅम आणि जोडीला पायपरीन १० मिलिग्रॅम. आपल्या शास्त्राला आधुनिक मोजमापाने दिलेली ही पावती पाहून माझा ऊर भरून आला होता.

त्यातच हळद. वसमतची हळद आमच्या शेजारची, तिला भौगोलिक मानांकनही मिळालेलं. हळदीतलं कर्क्युमिन एकटं घेतलं तर रक्तात जवळजवळ दिसतच नाही, कारण यकृत आणि आतडं त्याला लगेच निकामी करून बाहेर टाकतात. बेंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी १९९८ मध्ये निरोगी माणसांना २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिलिग्रॅम पायपरीन दिलं आणि उपलब्धता २००० टक्क्यांनी वाढल्याचं नोंदवलं. हा आकडा पुढे जगभरच्या डब्यांवर छापला गेला. मीही तो रुग्णांना ऐकवत असे. मूळ पातळीच नगण्य असताना ती वीस पटींनी वाढली तरी किती होते, आणि ती वाढ तासाभरात ओसरते, हे मी तो निबंध पुन्हा सावकाश वाचला तेव्हा मनात ठसलं.

पण मत खऱ्या अर्थाने बदललं ते पायपरीन काम कसं करतं हे समजून घेतल्यावर. ते आतड्याला नवं बळ देत नाही. परकं द्रव्य ओळखून ते निकामी करणारी यकृतातली आणि आतड्यातली विकरं, आणि नको ते परत आतड्यात ढकलणारे पेशींचे पंप, यांना ते काही काळ मंद करतं. किल्ल्याच्या वेशीवरचा पहारेकरी झोपवावा तसं. वेस उघडी राहिली की हळदही आत जाते आणि त्या दिवशी पोटात असलेलं दुसरं औषधही. फिटवरचं फेनिटॉइन, रक्तदाबावरचं प्रोप्रॅनॉलॉल, दम्यावरचं थिओफिलिन, या तिन्हींची रक्तातली पातळी पायपरीनमुळे वाढते, हे माणसांवरच्या अभ्यासांत दिसलं आहे. फेनिटॉइन आणि थिओफिलिन यांच्या बाबतीत योग्य मात्रा आणि विषारी मात्रा यांत अंतर फार थोडं असतं.

तालुक्यातल्या माझ्या रुग्णांकडे पाहिलं की ही गोष्ट अंगावर काटा आणते. साठीच्या माणसाची पिशवी टेबलावर रिकामी केली तर रक्तदाबाची, साखरेची, कधी रक्त पातळ करणारी गोळी निघते. त्यात लातूरहून मुलाने आणलेली, ‘नैसर्गिक’ लिहिलेली हळद-मिरीची कॅप्सूल असते. ती औषध आहे असं त्याला वाटतच नाही, म्हणून तो डॉक्टरला सांगतही नाही. इटलीत २०१९ मध्ये आणि अमेरिकेत २०२२ मध्ये अशा हळदीच्या पूरक गोळ्यांनंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांच्या नोंदी प्रसिद्ध झाल्या. त्यातल्या काही गोळ्यांत पायपरीन होतं. स्वयंपाकातल्या मिरीची भीती मी कुणाला घालत नाही. भाजीतली चिमूट घरभर वाटली जाते आणि अन्नाबरोबर जाते. पण २० मिलिग्रॅम पायपरीन जेमतेम अर्ध्या ग्रॅम मिरीत असतं, आणि कॅप्सूल ते एकाच माणसाला, रोज, महिनोन् महिने देते.

चरकाचार्यांनी हे सांगून ठेवलंच आहे. विमानस्थानाच्या पहिल्याच अध्यायात ते तीन गोष्टी अति वापरू नका म्हणतात : पिंपळी, क्षार आणि मीठ. पिंपळी सोबतच्या औषधाचा गुण वाहून नेते, आरंभी भलं करते आणि सतत घेतली तर दोष साठवते, असा त्या उपदेशाचा आशय. रसायन म्हणून तिचा प्रयोग करताना मात्रा चढवत नेऊन पुन्हा उतरवायची, हा नियमही ग्रंथांत आहे. या वचनाला मी पूर्वी पथ्यापथ्याची सर्वसाधारण सूचना समजत होतो. आज मला तो अतिशय नेमका औषधशास्त्रीय इशारा वाटतो.

अटल यांच्या शोधाबद्दलचा माझा आदर मात्र वाढला आहे. क्षयाच्या त्या कॅप्सूलमध्ये शोषण वाढवून औषध कमी केलं होतं, ४५० वरून २०० वर, मोजून, तपासून. बाजारातल्या डब्यांनी शोषण वाढवलं आणि मात्राही चढीच ठेवली. माझ्या लेखी शोषणाच्या शास्त्रातला सर्वांत मोठा शोध तर साखर-मिठाचं पाणी. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीने आत शिरतात, त्यांच्यामागे पाणी जातं, आणि पटकीच्या जुलाबातही ही वाट चालू असते. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी तिचा उपयोग केला आणि मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांच्या आसपासून ४ टक्क्यांच्या खाली आणलं. तिथे शरीराची कुठलीही राखण मोडली नाही, शरीराचीच वाट वापरली.

लोहाच्या बाबतीत मी आता याच वाटेने जातो. शरीरात लोह किती घ्यायचं हे यकृतातलं हेप्सिडिन ठरवतं. एक गोळी पोटात गेली की ते वाढतं आणि सुमारे दिवसभर पुढच्या गोळीला अडवतं. झुरिकच्या संशोधकांनी २०१५ आणि २०१७ मध्ये लोह कमी असलेल्या तरुणींवर हे मोजलं. दिवसाआड एकदा घेतलेल्या गोळीतलं लोह जास्त प्रमाणात आत गेलं. त्यामुळे सकाळ-संध्याकाळ गोळ्या लिहिणं मी थांबवलं. गरोदर बाईला मात्र सरकारी कार्यक्रमातली रोजची गोळी रोजच घ्यायला सांगतो.

बाकी काम चुलीपाशी आहे. जेवणावर लगेच चहा घेतला तर त्या जेवणातलं निम्म्याहून जास्त लोह वाया जाऊ शकतं, म्हणून चहा तासभर पुढे ढकला. वरणावर लिंबू पिळा. मटकीला मोड आणा. ज्वारीतलं फायटेट लोहाला धरून ठेवतं, आणि आंबवल्यावर ते कमी होतं. येळवसेला, म्हणजे वेळ अमावास्येला, शेतात जी आंबील आपण पोटभर पितो, ती वर्षातून एकदाच का करायची? परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संशोधन संस्थेच्या साथीने २०१८ मध्ये ‘परभणी शक्ती’ हे ज्वारीचं वाण दिलं. त्यात किलोमागे सुमारे ४५ मिलिग्रॅम लोह आहे, साध्या वाणात ३०च्या आसपास असतं, शिवाय फायटेटही कमी. सोयाबीनने व्यापलेल्या आमच्या शिवारात घरच्या भाकरीपुरतं तरी हे वाण पेरा, असं मी रुग्णांना औषधाच्या चिठ्ठीवरच लिहून देतो.

पायपरीन असलेल्या प्रत्येक डबीवर त्याचे मिलिग्रॅम आणि ‘इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना विचारा’ ही ओळ मराठीत ठळक छापली जावी, अशी माझी मागणी आहे. तोवर माझ्याकडे येताना घरातल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं आणि कॅप्सूल एका पिशवीत घालून आणा. नैसर्गिक म्हणून बाजूला ठेवलेल्यासुद्धा.