आधी विहीर, मग दुकान

सिंधुदुर्ग किल्ल्यात तीन विहिरी आहेत : दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव. भोवती अरबी समुद्र आणि आत प्यायचं गोडं पाणी. २५ नोव्हेंबर १६६४ रोजी मालवणच्या किनाऱ्यावर, मोरयाच्या धोंड्यापाशी पूजा झाली आणि समोरच्या कुरटे बेटावर किल्ल्याचं काम सुरू झालं. गोडं पाणी नसतं, तर त्या भक्कम तटाच्या आत माणूस किती दिवस टिकला असता? मालवणात स्कूबाचं दुकान कुठे टाकावं, या प्रश्नाचं उत्तर मला त्या विहिरींनीच दिलं.

माझं बालपण मालवणजवळच्या देवबागचं. एका अंगाला कर्ली नदी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. पावसाचं पाणी या वाळूत मुरतं आणि हलकं असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर थर धरून राहतं. उपसा वाढला की खालचं खारं पाणी वर चढतं. हे शास्त्र आईला कुणी शिकवलं नव्हतं, पण मे महिन्यात ती कळशी हळू सोडायला सांगायची. रापणीचं जाळं ओढून आलेली माणसं आमच्या विहिरीवर तोंड धुवायची, पोटभर पाणी प्यायची आणि मगच माशांच्या वाटणीला बसायची.

पुढे गोव्यात डायव्हिंगच्या कामाला लागलो, तेव्हा हेच पाणी वेगळ्या रूपात भेटलं. समुद्रातून वर आल्यावर पहिलं काम म्हणजे रेग्युलेटर, जॅकेट, सूट गोड्या पाण्यात बुडवून धुणं. मीठ वाळलं की त्याचे खडे होतात, झडपेत अडकतात, रबरी कड्या खातात. बारा मीटर खाली पाहुणा ज्या झडपेतून श्वास घेतो, तिचा भरवसा वर एका टाकीतल्या स्वच्छ पाण्यावर असतो. उपकरणं धुणाऱ्या पोराचं काम मला तेव्हापासून सगळ्यात जोखमीचं वाटत आलं आहे.

गावी परतून जागा शोधू लागलो, तेव्हा सगळे किनाऱ्यालगतचा तुकडा दाखवत. गिऱ्हाईक समोरून येतं, बोट दारात लागते. हवेने भरलेल्या टाक्या ओहोटीला खांद्यावरून पाण्यापर्यंत न्यायच्या असतात, त्यामुळे जवळीक मोलाची, हे खरंच. पण भरतीरेषेजवळ बांधकामाला नियमांची बंधनं आहेत. या टाक्या भरणाऱ्या कॉम्प्रेसरला धूर नसलेली हवा लागते; बोटीच्या किंवा जनरेटरच्या धुराचा विषारी वायू टाकीत गेला, तर तो खोलवर आणखी घातक ठरतो. थ्री-फेज वीज हवी. आणीबाणीत रुग्णवाहिका दारापर्यंत यायला हवी. ही यादी घेऊन वडिलांकडे गेलो, तर ते म्हणाले, ‘‘आधी बावडीचा पाणी चाख, मगे जागेचो भाव कर.’’

म्हणून रस्त्याच्या आतल्या बाजूची, माडांतली जुनी विहीर असलेली जागा घेतली. तिथेही एक पेच होताच. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो, डाइव्ह बंद असतात आणि नेमकी तेव्हाच विहीर तुडुंब भरते. गर्दी उसळते ती मे महिन्याच्या सुट्टीत, पाणी तळाला गेलेलं असताना. तेव्हा आम्ही मोठा पंप लावलाच नाही. उपकरणं धुवायला पाण्याच्या तीन टाक्या मांडल्या : पहिलीत मीठ उतरतं, दुसरीत उरलंसुरलं निघतं, तिसरीत फक्त रेग्युलेटर. पहिलीचं पाणी माडांना जातं. माडाला थोडं खारं सोसतं. शेजारच्या घरांची विहीरही त्याच वाळूतून पाणी घेते. आमच्या दुकानामुळे त्यांच्या चहाची चव बिघडली, तर तो धंदा कितीही चालला तरी मला नको आहे.

किनाऱ्यावर दुकान टाकू पाहणारे तरुण आता मला जागा दाखवायला नेतात. बहुतेक जण दिवाळीनंतर बोलावतात. तेव्हा पाणी निवळू लागलेलं असतं, वारा सुखाचा असतो, विहिरीत वरपर्यंत पाणी असतं आणि कोणतीही जागा मनात भरते. मी त्यांना सांगतो, व्यवहार मे महिन्यापर्यंत थांबवा. भर उन्हात जा, विहिरीचं पाणी प्या आणि शेजारच्या घरातल्या बाईला विचारा, ‘‘तुमका पाणी पुरता?’’ ती हो म्हणाली, तरच इसार द्या.