उभ्या गाडीचा आवाज

बदलापूर (पूर्व)

प्रिय अमोल,


तू पाठवलेलं रेकॉर्डिंग ऐकलं. मोबाइलमध्ये कुठलंही इंजिन खिळ्यांचा डबा हलवल्यासारखंच वाजतं, तेव्हा त्यावरून निदान मागू नकोस. त्याखाली लिहिलेलं तुझं वाक्य जास्त कामाचं: "उभी असताना वाजते, थोडी रेस दिली की थांबते." आणि त्याहून कामाची तुझ्या या सेकंडहँड गाडीची आरसी. एमएच ०५, २०१७ची गाडी, पहिला मालक बदलापूर पश्चिमेचा. त्यावर येतोच.

आवाजाला नाव द्यायची घाई नको. तो कधी येतो आणि काय केलं की जातो, एवढं आधी बघ. सकाळी इंजिन थंड असताना डिपस्टिक काढून ऑइल तपास. ऑइलच कमी असेल तर पुढची चर्चा व्यर्थ. मग गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, इंजिन चालू. क्लच दाब. दाबल्यावर आवाज गेला तर बहुतेक गिअरबॉक्सचं बेअरिंग बोलतंय, इंजिनचा दोष नाही. दाबल्यावरच सुरू झाला तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एसी लावल्यावर खडखड वाढली तर कॉम्प्रेसरकडे बघायचं. हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर किंचाळी आली तर पट्टा घसरतोय किंवा अल्टरनेटर थकलाय. यातल्या कशालाही पाना लागत नाही.

तुझी गाडी तीन सिलिंडरची. ती उभी असताना थोडी थरथरणारच. त्यात इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ते रबर, बसलं असेल किंवा सायलेन्सरवरचा उष्णता अडवणारा पत्रा सैल झाला असेल, तर ठरावीक फेऱ्यांवरच खडखड होते आणि रेस दिली की थांबते. तुझं वर्णन याच्याशी जुळतं. इंजिन गार असताना तो पत्रा हाताने हलवून बघ. एका क्लॅम्पचं काम असतं, आणि लोक त्यासाठी इंजिन उघडून बसतात!

आता इंजिनच्या आतले आवाज. उभ्या गाडीत इंजिन मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं, म्हणजे क्रँकशाफ्ट सेकंदाला १३ वेळा फिरतो आणि कॅमशाफ्ट त्याच्या निम्म्याने. टॅपेटची टिकटिक हलकी, वरच्या बाजूने आणि म्हणूनच संथ येते. कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा ठोका खालून येतो, जड असतो, दर फेऱ्याला पडतो आणि इंजिन तापून ऑइल पातळ झालं की वाढतो. टिकटिक घेऊन महिनाभर फिरता येईल. ठोका असेल तर किल्ली काढून टोइंगवाल्याला फोन कर.

मी अंबरनाथला एमआयडीसीत होतो तेव्हा जुनी मंडळी लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनच्या अंगावर टेकवून मूठ कानाजवळ धरत आणि नेमकं बेअरिंग सांगत. गाडीलाही हे चालतं. फक्त टोक स्थिर भागावर ठेव आणि बाही पट्ट्यापासून लांब.

गाडी गॅसवर चालते ना? मग एक उलटी गोष्ट. सीएनजी कोरडा असतो, त्यावर व्हॉल्व्हच्या बैठका झिजतात आणि टॅपेटची फट कमी होत जाते. फट कमी म्हणजे आवाजही कमी. मालक खूश, "इंजिन काय सायलेंट आहे!" आणि आत व्हॉल्व्ह नीट बंदच होत नसतो. टिकटिकणाऱ्या टॅपेटपेक्षा मला हा गप्प बसलेला टॅपेट जास्त घाबरवतो. फट मोजून घे.

आता आरसीचं. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यात अडकली होती, टीव्हीवर तू पाहिलंच असशील. त्याच पुरात उल्हास नदी पश्चिमेच्या सोसायट्यांत शिरली. पार्किंगमधल्या गाड्या बुडाल्या. २०२१च्या जुलैत पुन्हा तेच. पाणी ओसरल्यावर लोकांनी काय केलं? सेल्फ मारला. पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना पिस्टन वर आला की कनेक्टिंग रॉड वाकतो. किंचित वाकला तरी गाडी चालते, विकलीही जाते. शिवाय पुलीच्या बेअरिंगांतलं ग्रीस धुऊन जातं आणि काही काळाने ती घुर्र करू लागतात.

तुझी गाडी बुडालेलीच आहे असं मी म्हणत नाही. पण सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून शेवटच्या हातभर पट्टीवर चिखलाची रेघ आहे का ते बघ. सीटखालचे रूळ गंजलेत का, स्टेपनीच्या खड्ड्यात गाळ आहे का, तेही. विकणारे कार्पेट बदलतात, तिथवर हात घालत नाहीत.

विम्याची साधी पॉलिसी असेल तर पाण्यात सेल्फ मारून बिघडलेल्या इंजिनाचे पैसे सहसा मिळत नाहीत; इंजिन प्रोटेक्शन वेगळं घ्यावं लागतं. तुझ्या पुण्यातही पूर येतात, तेव्हा मिळत असेल तर ते घेच.

मेकॅनिकला दोनच कामं सांग: बाहेरचा पट्टा उतरवून अर्धा मिनिट इंजिन चालवायचं आणि तिन्ही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. पट्ट्याविना आवाज गेला तर दोष पुलीच्या बाजूचा, खर्च थोडा. एका सिलिंडरचं कॉम्प्रेशन बाकीच्यांपेक्षा बरंच कमी आलं तर मात्र ते आकडे मला कळव, आणि तोवर कुणालाही हेड उतरवू देऊ नकोस.

तुझा,
मामा