पाणी ओसरल्यावर

आमच्या सिंदेवाहीकडे धानाची शेती. पाऊस म्हणजे अल्लाहची रहमत, असंच इथं मानतात. पण आषाढातल्या एका रात्री मागचा नाला भरून वाहिला आणि पाणी घरात शिरलं. अम्मींनी आधी कुरआन शरीफ वरच्या फळीवर ठेवलं. तांदळाची पोती, गाद्या, जानमाज मात्र भिजलेच. सकाळी शेजारच्या वहिनी न बोलावता फावडं घेऊन गाळ काढायला आल्या. तीन दिवस जेवणही त्यांच्याच घरून आलं.

मुलगी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात आहे. तिचे बूट चिखलात गेले. नातेवाईक म्हणाले, "आता खेळ राहू दे." तिच्या अब्बूंनी मुकाट्याने ऐकून घेतलं आणि भिंतीच्या डागडुजीसाठी ठेवलेल्या पैशांतून आधी बूट आणले.

ती स्कार्फ बांधून खेळते. आंतरराष्ट्रीय सामन्यांत डोकं झाकून खेळायला पूर्वी मनाई होती. २०१७ साली 'फिबा' या जागतिक संघटनेने तो नियम बदलला. चंद्रपूर-गडचिरोलीच्या कॉलेजांसाठी २०११ साली गोंडवाना विद्यापीठ झालं, तेव्हापासून त्याचे आंतरमहाविद्यालयीन सामनेही आपल्याच दोन जिल्ह्यांत होतात. वाट इतकी मोकळी झाल्यावर ती घरातूनच का अडवावी?

तंगी आली की पहिली कात्री मुलीच्या आवडीवर चालते. भिंत पुढच्या वर्षीही लिंपता येते, कॉलेजची वर्षं मात्र मोजकीच असतात. सामन्याच्या दिवशी आम्ही फोनजवळ बसतो. अम्मींना गुण कळत नाहीत. त्या एवढंच विचारतात, "पोरगी पडली तर नाही ना?"