शिवसुमन कड्यावरच राहू दे

विश्रांतवाडी, पुणे
जूनचा दुसरा आठवडा

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

शिवनेरीला जाणार आहेस आणि येताना कड्यावरून शिवसुमनची एखादी फांदी आणीन म्हणतेस. जा जरूर, पण फांदी मात्र तोडू नकोस. माझ्या गॅलरीतल्या कुंडीतल्या दोन फांद्या या पत्रासोबतच पाठवतो आहे.

हे झाड तुला आवडलं याचा मला फार आनंद झाला. वळण निवडुंगाचं, पण काटा एक नाही. माकडशिंगासारख्या त्याच्या जवळच्या भाऊबंदांना धड पानं येत नाहीत, याला मात्र चांगली रुंद, मांसल पानं येतात. पाऊस सरला की ती गळतात आणि पुढे उन्हाळाभर नुसत्या राखट फांद्या उरतात. मे महिन्यात आमच्याकडे पारा चाळिशीला टेकतो, गॅलरीची भिंत रात्रीसुद्धा तापलेली असते. तेव्हा नवखा माणूस झाड वाळलं म्हणून कुंडी रिकामी करेल. परवा वळवाची एक सर आली आणि आज प्रत्येक शेंड्यावर तांदळाच्या कणीएवढे हिरवे कोंब दिसताहेत. ते दाखवायला तू इथे हवी होतीस!

मुंबई इलाख्याच्या वनखात्यातल्या निकोल डाल्झेलला हे झाड जुन्नरच्या बाजूच्या डोंगरात मिळालं. सर बार्टल फ्रेअर तेव्हा मुंबईचे गव्हर्नर होते (१८६२ ते १८६७), म्हणून शास्त्रीय नाव फ्रेरिया इंडिका.

रानात हे झाड फक्त महाराष्ट्रात उगवतं, तेही शिवनेरी, पुरंदर, वज्रगड, सज्जनगड अशा मोजक्या ठिकाणच्या कड्यांवर. कुंडीत ते इतकं चिवट की परदेशातले शौकीनही हौसेने वाढवतात. कड्यावर मात्र चराई, वणवे आणि दरडी यांतून जे वाचेल ते वाचेल. त्यात बी धरणं सोपं नाही. फूल लालसर तपकिरी चांदणीसारखं, त्यावर पिवळे ठिपके. वास जरा कुजकट, म्हणून माश्या येतात. पराग सुटे नसतात, त्यांच्या इवल्या पुड्या असतात. पुडी माशीला अडकून दुसऱ्या फुलात नेमक्या खाचेत बसली, तरच रुईसारखी जोडशेंग धरते. आजूबाजूला फुलं जितकी कमी, तितका हा योग दुर्मीळ. म्हणून कड्यावरची एक फांदी तोडणं ही माझ्या लेखी लहान गोष्ट नाही. शिरवळजवळ शिंदेवाडीच्या नौरोजी गोदरेज केंद्रात या झाडाच्या संवर्धनाचं काम झालं आहे. लोक वर्षानुवर्षं खपून जे जपतात, ते आपण पिशवीत घालून आणायचं?

आता लावणीचं. कुंडी पसरट घे, बुडाला मोठं भोक हवं. अर्ध्याहून जास्त बारीक खडी आणि विटांचा चुरा, बाकी माती नि मूठभर मुरलेलं शेणखत. नुसती काळी माती अजिबात नको, ती पाणी धरून ठेवते आणि फांदी बुडापासून कुजते. फांदी उभी खोचायची गरज नाही. कापलेलं टोक जरासं दाबून आडवी ठेव, टेकेल तिथे मुळं धरेल. सकाळचं ऊन भरपूर मिळू दे, दुपारी थोडा आडोसा. पावसाळ्यात माती वाळल्याशिवाय पाणी घालू नकोस. संततधार लागली तर कुंडी वळचणीला घे. पानं गळल्यावर पाणी अगदीच कमी. फांद्या सुरकुतल्या तर थोडं शिंपड, पुरे. पेरांच्या बेचक्यात कापसासारखं पांढरं दिसलं तर तो पिठ्या ढेकूण, लगेच निंबोळी तेलाच्या बोळ्याने पुसून काढ. मुळांशीही तो लपतो, तिथेही बघ.

फुलं पावसाळा सरताना येतील, पहिल्याच वर्षी आली नाहीत तरी काळजी करू नकोस. झाड वाढलं की फांद्या मैत्रिणींना वाट, म्हणजे कड्याकडे कुणाचा हात जाणार नाही.

पार्सल उघडल्यावर फांद्या लगेच लावू नकोस. कापलेली टोकं अजून ओली आहेत. सावलीत कागदावर पसरून ठेव, काप कोरडा, टणक झाला की मग लाव. वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
काका