पुणे ते पालिताणा : अंतराचा हिशेब

लोहगाव ते अहमदाबाद हे दोन विमानतळांमधील सरळ अंतर सुमारे 515 किलोमीटर. उड्डाण साधारण सव्वा तासाचे. मात्र सदाशिव पेठेतून लोहगाव गाठणे, विमानतळावरील प्रतीक्षा आणि अहमदाबादहून पालिताण्यापर्यंतचा चार-पाच तासांचा रस्ता जमेस धरता, पहाटे निघालेले आम्ही उभयता सायंकाळीच धर्मशाळेत पोहोचलो. यात्रेकरूंनी पहिला दिवस केवळ प्रवासासाठीच ठेवावा.

चातुर्मासात बंद असलेली शत्रुंजयाची यात्रा कार्तिकी पौर्णिमेस पुन्हा सुरू झाली होती. माझी संसारपक्षी धाकटी बहीण, आता साध्वीजी, पुण्याहून पायी विहार करीत, वाटेत दोन चातुर्मास करून तेथे आल्या होत्या. वंदन करून सुखशाता विचारली. बँकेतील जुन्या सवयीने मी म्हणालो, “महाराजसाहेब, एकूण किती किलोमीटर झाले?”

“ईर्यासमितीत दृष्टी पुढच्या साडेतीन हातांवर असते. आम्ही तेवढेच अंतर पाहिले.”

दुसऱ्या दिवशी समोर साडेतीन हजारांहून अधिक पायऱ्या होत्या. गुडघेदुखीमुळे माझ्यासाठी ठरविलेली डोली मी सौभाग्यवतींना दिली आणि पुढच्या पायरीवर दृष्टी ठेवून चढू लागलो. आदीश्वरदादांच्या दर्शनास विमानाच्या तिप्पट वेळ लागला.