खाडीपलीकडचे देऊळ

कार्मेल मातेच्या सणापूर्वीच्या नोव्हेनाची प्रवचने करण्यासाठी काही वर्षांपूर्वी आम्ही कोर्लईस गेलो होतो. आम्ही वसईचे, पडकी देवळे आम्हांस नवी नाहीत. छप्पर उडालेल्या भिंतींमध्ये लहानपणी लपंडाव खेळलो आहोत. तरीही रेवदंड्यास उतरलो आणि नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून डोकावणारे तटाचे अवशेष दिसू लागले, तेव्हा पाय आपोआप मंदावले. कुठे मठाची भिंत, कुठे देवळाची कमान, आणि या साऱ्यांवर मान उंच करून उभा असलेला तो सातखणी मनोरा. पावसाने शेवाळलेल्या त्या दगडांखाली कोणीतरी गुरे बांधली होती.

हेच ते पोर्तुगीजांचे चौल. निजामशाहीच्या परवानगीने १५२१ साली त्यांनी येथे कोट बांधावयास घेतला. चौलचे रेशमी कापड दूरदूरच्या बंदरांत जाई. १५९४ साली कुंडलिका खाडीच्या दक्षिण तीरावरचा कोर्लईचा डोंगरही त्यांनी लढून घेतला, आणि खाडीचे मुख दोन्ही बाजूंनी त्यांच्या ताब्यात आले. पुढे मुंबई इंग्रजांच्या हाती गेली, तिचे बंदर वाढू लागले, आणि चौलची पेठ हळूहळू ओसरली. १७३९ साली आमची वसई पडली. दुसऱ्याच वर्षीच्या तहाने चौल मराठ्यांकडे आले.

इतिहासाची पुस्तके बहुधा येथे थांबतात. आम्हांस मात्र पुढचे जाणून घ्यायचे होते. कोट गेला, सरदार गेले, मठ रिकामे झाले. पण देवळात मागच्या रांगेत बसणारी माणसे कुठे गेली? ज्यांना जाणे शक्य होते ते गोव्याकडे गेले. ज्यांना शक्य नव्हते, ज्यांची नावे कोणत्याही शिलालेखावर नाहीत, ते खाडी ओलांडून कोर्लईच्या डोंगराच्या पायथ्याशी राहिले. डोंगरावरच्या किल्ल्यातील देवळाचे आज छप्परही उरलेले नाही. गावातले कार्मेल मातेचे देऊळ मात्र नांदते आहे. गड राखणाऱ्यांचे देऊळ पडले आणि शेती करणाऱ्यांचे राहिले, हे पाहून आम्हांस मनातल्या मनात समाधान वाटले, हे कबूल करतो.

या माणसांनी आणखी एक गोष्ट खाडीपलीकडून आणली. ती म्हणजे त्यांची बोली. तिला ते 'नॉ लींग', म्हणजे 'आमची भाषा', एवढेच म्हणतात. तिचे शब्द बहुतांशी पोर्तुगीज आहेत. पण शेजाऱ्यांच्या सहवासाने क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी जाऊन बसले आहे. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स या अमेरिकन अभ्यासकाने १९९६ साली तिच्यावर इंग्रजीत ग्रंथ लिहिला. बोलणारे हजाराच्या आतबाहेर. राज्य गेल्यावरही ही बोली टिकली, याचे मोठे श्रेय या लहानशा देवळास द्यावे लागेल. मिस्सा लॅटिनमध्ये होई. पण पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू येथे पिढ्यानपिढ्या येत राहिले, आणि प्रार्थना लोकांच्या बोलीशी नाते सांगणाऱ्या त्या भाषेत होत.

मग व्हॅटिकन परिषद आली. डिसेंबर १९६३ च्या उपासनाविषयक दस्तऐवजाने लोकभाषेला वेदीजवळ जागा दिली आणि कोर्लईत मराठी आली. सेमिनरीत आम्ही हा इतिहास मोठ्या अभिमानाने शिकलो होतो. मराठी उपासना हा आमच्या आयुष्याचा आनंद आहे. नोव्हेनासाठी नऊ दिवसांची नऊ प्रवचने आम्ही चांगली घोटून नेली होती. त्यातील मराठीवर स्वतःच खूष होतो.

चौथ्या दिवशी एका आजारी वृद्धेस कम्युनियन देण्यास गेलो. आम्ही मराठीत प्रार्थना सुरू केली. तिने आदराने हात जोडले आणि गप्प राहिली. वाटले, अशक्तपणा असेल. विधी संपल्यावर सून पाणी आणावयास आत गेली, तोच म्हातारीने डोळे मिटले आणि एकटीच, भराभर, जुन्या शब्दांत 'नमो मरिया' म्हणू लागली. एकामागून एक, किती झाल्या ते आम्ही मोजले नाही. सून परत आली तशी ती थांबली आणि ओशाळून म्हणाली, "फादर, मराठी मला पाठ नाही हो."

क्षमा मागावी अशी तिची चूक कोणती होती? आम्हांस काही उत्तर सुचले नाही. "असू दे, बाय," एवढेच म्हणून निघालो.

त्या रात्री आमची आई आठवली. घरात, वाडीत, शेजारणीशी, बैलाशीसुद्धा ती कादोडीत बोले. देवळात पाऊल टाकताच मात्र तिची मराठी पुस्तकी होई. सेमिनरीतून सुटीवर आल्यावर रोझरीच्या वेळी आम्ही तिचे उच्चार सुधारले होते. ती निमूटपणे सुधारूनही घेई. या गोष्टीची लाज वाटावयास आम्हांस तीस वर्षे आणि कोर्लईची एक खाट लागली.

मराठी येथे येऊ नये असे आम्ही म्हणणार नाही. मुले मराठी शाळेत शिकतात, आणि खाडीवर पूल झाल्यापासून रेवदंडा, अलिबाग हाकेच्या अंतरावर आले आहेत. परिषदेच्या मनात लोकांचीच भाषा होती. पण 'लोक' म्हणजे कोण, हे ठरविताना एवढेसे गाव हिशेबातून निसटले असावे. आणि निसटू देणाऱ्यांत आमच्यासारखे भाषाप्रेमी मराठी धर्मगुरूही होते.

नवव्या दिवशीचे प्रवचन आम्ही आटोपते घेतले. रोझरीच्या वेळी गावातील वडीलधाऱ्या बायकांना विनंती केली की, शेवटचे दशक तुमच्या आजीच्या शब्दांत म्हणा. प्रथम त्या एकमेकींकडे पाहत राहिल्या. मग एकीने सुरुवात केली, दोघी-तिघी मिळाल्या, मागून पुरुषांचे जाड आवाज आले. एक-दोन ठिकाणी त्या अडखळल्या, हसल्या, पुन्हा सुरू झाल्या. पोरे माना वळवून आपल्या आज्यांकडे पाहत होती.

आम्ही वेदीजवळ न थांबता पोरांच्या बाकावर जाऊन बसलो होतो. प्रतिसाद देण्याची पाळी दहा वेळा आली. आम्हांस एकदाही देता आला नाही.