किल्ला आणि उजवा हात

वाचकहो, माझ्या दवाखान्यात, जिथे पूर्वी औषध कंपनीची दिनदर्शिका लटकत असे, तिथे आज काचेच्या कपाटात एक किल्ला उभा आहे. करड्या भिंती, उंच बुरूज, सिंहाची निशाणे. लहान मुले इंजेक्शनची भीती विसरून त्याकडे पाहत राहतात. मोठी माणसे विचारतात, "डॉक्टर, नातवाचा का?" नातू मला अद्याप नाही. हा किल्ला मी आणि माझ्या मुलीने बांधला. तो बांधत असताना, जी गोष्ट मी वर्षभर घरच्यांपासून आणि त्याहून अधिक स्वतःपासून लपवली होती, ती उघडी पडली. तीच आज तुम्हांला सांगायची आहे.

मुलगी लहान असताना दर दिवाळीत आमच्या अंगणात मातीचा किल्ला होई. विटा रचायच्या, त्यांवर पोते आणि चिखल, वर हळीव पेरायचे, शिखरावर महाराज आणि पायऱ्यांवर मावळे. दरवर्षी मी तिला म्हणे, "थांब, दवाखाना आटोपून येतो." दरवर्षी मी पोहोचेपर्यंत किल्ला पूर्ण झालेला असे. दोन दिवाळ्यांपूर्वी ती पुण्याहून पंधरा दिवसांसाठी घरी आली, ती हातांत मावणार नाही एवढे खोके घेऊनच. "बाबा, राहिलेल्या सगळ्या किल्ल्यांची भरपाई," ती म्हणाली.

खोक्यात लेगोचा 'लायन नाइट्स कॅसल' होता. बिलुंड या डेन्मार्कमधील गावी १९३२ साली एका सुताराने सुरू केलेल्या या कंपनीने आपल्या नव्वदाव्या वर्षी, २०२२ मध्ये, तो बाजारात आणला. एकूण तुकडे ४,५१४, शिवाय शिपाई, राणी आणि गावकरी अशा २२ बाहुल्या. खोक्यावर वय लिहिलेले : १८ वर्षे आणि पुढे. छपन्नाव्या वर्षी मी त्या अटीत सहज बसत होतो.

आत क्रमांक घातलेल्या पिशव्या आणि चित्रांच्या पुस्तिका होत्या. पुस्तिकेत सूचनेचा एकही शब्द नसतो. कोणता तुकडा, किती आणि कुठे, एवढेच चित्र सांगते. वरचे गोल दाणे आणि आतली पोकळ नळी यांची ती पकड १९५८ साली पेटंट झाली आणि तेव्हाच्या विटा आजच्या विटांतही बसतात. दाबल्यावर बोटांना एक बारीक 'टक्' जाणवते. त्या आवाजाची गोडी मला पहिल्याच संध्याकाळी लागली.

सह्याद्रीत डोंगराचा कडा हाच तट असतो. युरोपातील मध्ययुगीन किल्ला पुष्कळदा सपाटीवर उभा असे, म्हणून सारे संरक्षण माणसाला हातांनी रचावे लागे. पाण्याचा खंदक, त्यावर उचलता येणारा पूल, दरवाजात वरून सरकत खाली येणारी जाळी, आणि भिंतींत जंग्या. बाहेरून पाहिली तर ती केवळ एक चीर, आतून मात्र रुंद होत गेलेली, म्हणजे तिरंदाजाला दोन्ही बाजूंना वळता यावे आणि शत्रूला तो दिसू नये. हे सारे त्या खेळण्यात होते. साखळी फिरवली की पूल वर उचलला जाई, पाणचक्की फिरे. एवढेच नव्हे, तर भिंती बिजागरीवर उघडत आणि आतला मुदपाकखाना, भोजनगृह, शयनगृह दिसू लागे.

आता माझ्या हाताविषयी. त्याआधी वर्षभर माझे अक्षर बारीक होत चालले होते. ओळ सुरू होई तेव्हा बरे, शेवटाकडे मुंगीएवढे. औषधाच्या दुकानदाराने एकदा फोनवर हसत म्हटले, "डॉक्टरसाहेब, वाईट अक्षर आम्ही वाचतो हो, पण आता भिंग घ्यावं लागतंय." मीही हसलो. उजवा खांदा आखडला होता. त्याला मी 'फ्रोझन शोल्डर' म्हटले आणि स्वतःच व्यायाम लिहून दिला. फोडणी करपल्याचा वास पत्नीला अंगणात येई, मला शेजारच्या खोलीत येत नसे. त्याचे खापर मी जुन्या सर्दीवर फोडले. प्रत्येक लक्षणाला माझ्याकडे एक निराळे कारण होते. रुग्णाने हीच तीन लक्षणे एकत्र सांगितली असती, तर मी पाच मिनिटांत त्याला मेंदुविकारतज्ज्ञाकडे पाठवले असते.

चौथ्या संध्याकाळी आम्ही बुरुजावर होतो. एकाच दाण्याचे इवलेसे तुकडे ओळीने बसवायचे होते. तेवढ्यात ध्यानात आले की चार पाने मागे एक पट्टी आम्ही एक दाणा सरकवून लावली होती. मुलगी निमूटपणे भिंत उतरवू लागली. मी तुकडे परत लावत होतो आणि ते बोटांतून निसटत होते. ती मान वर न करता म्हणाली, "बाबा, तुम्ही उजवा हात मांडीवर ठेवून बसता. डावखुरे कधीपासून झालात?"

मी चिडलो. "बांधायचा असेल तर बांध, नाही तर ठेवून दे ते," असे काहीसे बोललो आणि उठलो. एवढ्याशा प्रश्नावर इतका संताप का यावा, हे मला त्या क्षणीच कळले होते.

रात्री सारे झोपल्यावर मी त्याच टेबलाशी दिवा लावून बसलो. अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर भरभर आपटायची, ही साधी चाचणी मी शेकडो रुग्णांकडून करून घेतली आहे. डाव्या हाताने ती नीट केली. उजव्या हाताची बोटे पाच-सहा वेळा उघडली, मग त्यांच्यातील अंतर कमी होत गेले, गती मंदावली आणि ती मध्येच थबकली. कंप नव्हता. म्हणूनच मी इतके दिवस स्वतःची समजूत घालू शकलो होतो.

सकाळी चहाच्या वेळी दोघींना सांगितले. मुलीची क्षमा मागितली. पत्नी एवढेच म्हणाली, "चालताना तुमचा उजवा हात हलत नाही, हे मी उन्हाळ्यापासून पाहतेय. तुम्ही डॉक्टर, तुम्हांला ठाऊक असेल असं वाटलं." तज्ज्ञाने निदान केले : पार्किन्सन्स, आपण ज्याला कंपवात म्हणतो, त्याची सुरुवात.

१८१७ साली या विकाराचे वर्णन लिहिणारा जेम्स पार्किन्सन माझ्यासारखाच लंडनमधील एका वस्तीत सर्वसाधारण व्यवसाय करणारा डॉक्टर होता. त्याने सहा व्यक्तींचे वर्णन केले. त्यांतील काही तर त्याने केवळ रस्त्यात पाहिल्या होत्या. नुसते लक्ष देऊन पाहण्यातून केवढे कळते! माझ्या घरातही पाहणारे डोळे होते. पण डॉक्टर म्हणून माझा दबदबा असा होता की त्या डोळ्यांना बोलण्याची सोय नव्हती.

किल्ला आम्ही पूर्ण केला. गोळ्या सुरू झाल्यानंतर, मुलीच्या पुढच्या फेऱ्यांत, सावकाश. मोठ्या पट्ट्या ती लावी, बारीक तुकडे हट्टाने माझ्याकडे. एका गोष्टीविषयी मात्र गैरसमज नको : ठोकळे हे या आजाराचे औषध नव्हे. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होतात आणि ती उणीव खेळण्याने भरून निघत नाही. मला उपयोग झाला तो वेळेवर घेतलेल्या औषधांचा, रोजच्या भरभर चालण्याचा, मोठे अक्षर काढण्याच्या सरावाचा. किल्ल्याने दुसरे काही दिले. दीड-दोन तास एका टेबलाशी बसून, एकमेकांच्या तोंडाकडे न पाहता, आम्ही जे बोललो ते एरवी बोललो नसतो. "मला भीती वाटते," हे वाक्य मी बुरुजाची चर्या बसवताना उच्चारले. टाके घालणे थांबवण्याचा निर्णयही तिथेच झाला. ते काम आता माझा तरुण सहकारी करतो आणि रुग्णांना मी त्याचे कारण स्पष्ट सांगतो.

वाचकहो, पन्नाशीनंतर अक्षर आपोआप बारीक होऊ लागले, चालताना एकच हात हलेनासा झाला, वास कमी झाला, आवाज क्षीण झाला, झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडले जाऊ लागले, जुनाट बद्धकोष्ठता नव्याने जडली, तर यांतील एकाने घाबरून जाऊ नका. त्याची साधी कारणे पुष्कळ असतात. परंतु दोन-तीन गोष्टी एकत्र दिसल्या, तर डॉक्टरांना त्या एकत्रच सांगा. हात थरथरत नाही म्हणून निश्चिंत राहू नका; प्रत्येक रुग्णाला कंप असतोच असे नाही. आणि घरातील कोणी म्हणाले, "तुम्ही हल्ली असं का करता?" तर माझ्यासारखे चिडू नका. तुमची चाल तुमच्यापेक्षा त्यांनी अधिक पाहिलेली असते.

मुलीने मला वेल्समधील ब्यूमॅरिस किल्ल्याची छायाचित्रे दाखवली. इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२९५ साली त्याचे काम सुरू केले. पैसा संपला, तो पुरा झालाच नाही. तरी आज तो जागतिक वारसा आहे आणि लोक आवर्जून पाहायला जातात.

गेल्या दिवाळीत अंगणात पुन्हा मातीचा किल्ला झाला. दवाखाना मी दुपारीच बंद केला. बुरूज मुलीने घडवले, पायऱ्या पत्नीने कोरल्या. हळीव पेरण्याचे काम माझ्याकडे होते. त्याला बोटांची नजाकत लागत नाही. मूठ सैल सोडली की झाले. पाचव्या दिवशी सगळा उतार हिरवा झाला होता.